पावसाआधी भरती पाहा

ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीची खाडी. डोंगरातले ओहोळ रस्त्याखालच्या मोऱ्यांतून ओवळे, कासारवडवली, वाघबीळकडे उतरतात आणि खाडी गाठतात. भरती चढलेली असेल तर त्यांना वाटच उरत नाही. पाणी गावात तुंबतं. म्हणून इथे नुसता पावसाचा अंदाज पुरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण म्हणजे मोठी भरती, अष्टमीच्या आसपास भांग म्हणजे लहान भरती, हे गणित कोळ्यांच्या घरात पोरांनाही ठाऊक असतं. टॉवरवासीयांना ते पार्किंगमध्ये पाणी शिरल्यावर उमगतं!

वरून येणारं पाणी वेगळंच. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदी फुगली आणि वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवाशांची सुटका करावी लागली. बारवी धरण भरून वाहू लागलं की तेही पाणी याच नदीत येतं.

इशारे वेळेवर निघतातही. पण गावठाणातल्या शेवटच्या घरापर्यंत ते कोण पोचवणार, हे आधी ठरलेलं नसतं. ते याच आठवड्यात ठरवा. भरतीच्या वेळा दाराजवळ चिकटवा आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक शेजारच्या आजींच्या फोनमध्येही टाकून द्या.