बंदी सरकारची, मग मजुरीची जबाबदारीही सरकारची

1 जूनला कोकण किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी थांबते, ती 31 जुलैपर्यंत. मिरकरवाड्याला, हर्णैला नौका शाकारल्या जातात, इंजिने उघडली जातात, जाळी दुरुस्तीला निघतात. रत्नागिरीतल्या नौकांवरचे नेपाळी आणि कर्नाटकी खलाशी हिशेब घेऊन गावची वाट धरतात. 61 दिवस मासळी नाही, त्यामुळे खलाशाच्या हातात पैसाही नाही. याच दिवसांत गोव्यातले शॅक उतरलेले असतात आणि साखर कारखान्यांचे गळीत केव्हाच आटोपलेले असते. मग या सगळ्याच हंगामी व्यवसायांनी बंद काळातल्या पगारासाठी सरकारपुढे हात पसरावा का?

सरसकट नाही.

पावसाळ्यात शॅक उतरवावा लागणार, हे मालकाला परवाना घेतानाच ठाऊक असते. ऊस संपला की गाळप थांबणार, हेही कारखान्याला पहिल्या दिवसापासून माहीत असते. जे ठरलेले आहे त्याची तरतूद हंगामाच्या कमाईतूनच व्हायला हवी. साखर उद्योगात तशी पद्धत आहे. हंगामी कायम कामगाराला बिगरहंगामात पगाराचा ठरावीक हिस्सा ‘रिटेन्शन अलाउन्स’ म्हणून मिळतो आणि 1952 च्या भविष्यनिर्वाह निधी कायद्यानुसार त्यावर पीएफही धरला जातो. याचे मोल मोठे आहे, कारण 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याने ले-ऑफच्या काळात निम्मी भरपाई दिली, पण हंगामी आस्थापनांना त्यातून वगळले. कारखान्यांनी थकवलेले पगार हा या व्यवस्थेवरचा डाग आहे. पण ती थकबाकी सरकारने भरली, तर वेळेवर पैसे देणारा कारखानदार मूर्ख ठरेल. तिथे सरकारचे काम वसुलीचे आहे, वाटपाचे नाही.

मासेमारीबंदीची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो हे खरे, पण नौका कधी निघायची याची तारीख मालक ठरवत नाही, सरकार ठरवते. माशांच्या प्रजननाला उसंत मिळावी हा त्यामागचा हेतू योग्यच आहे. त्याचा लाभ मात्र पुढच्या हंगामातल्या प्रत्येक नौकेला, व्यापाऱ्याला आणि मासे खाणाऱ्या प्रत्येक घराला होतो. सगळ्यांच्या फायद्यासाठी घातलेल्या बंदीची झळ एकट्या खलाशाने का सोसावी?

आज केंद्राच्या मत्स्यसंपदा योजनेत बंदीकाळासाठी 4,500 रुपयांची सोय आहे. त्यातले 1,500 मच्छीमाराने स्वतः साठवायचे, उरलेले 3,000 केंद्र आणि राज्य मिळून देणार. 61 दिवसांवर विभागले तर सरकारचा वाटा दिवसाला 50 रुपयेही होत नाही. शिवाय लाभासाठी मच्छीमार संस्थेचे सभासदत्व लागते. परगावाहून आलेला खलाशी तिथेच अडतो. तमिळनाडूने बंदीकाळातली मदत कुटुंबामागे 5,000 वरून 8,000 रुपयांवर नेली. ब्राझीलमध्ये तर 1991 पासून बंदीच्या महिन्यांत छोट्या मच्छीमाराला किमान वेतनाइतकी रक्कम मिळते. तिथे खोट्या दाव्यांच्या तक्रारीही झाल्या, म्हणून नोंदणी चोख हवी.

ही रक्कम नौकामालकामार्फत जाता कामा नये. जाळी-इंजिनाची डागडुजी हा त्याच्या धंद्याचा खर्च आहे आणि डिझेलवरच्या कराचा परतावा त्याला मिळतोच. मजुरी बुडते ती खलाशाची, तेव्हा पैसे त्याच्याच खात्यात पडले पाहिजेत, मग ते खाते गुहागरचे असो की कारवारचे. 26/11 नंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रे देण्यात आली. सुरक्षेसाठी खलाशाची ओळख पटवता येते, तर मजुरीसाठीही पटवता येईल.

राज्य सरकारने पुढच्या 1 जूनपूर्वी दोन गोष्टी कराव्यात: नौकेवरच्या प्रत्येक खलाशाची नोंद पूर्ण करावी आणि बंदीकाळातली मदत राज्याच्या किमान वेतनाशी जोडावी.