तपासणीआधीच निकाल!

वर्गातील एखादे मूल फळ्याकडे पाहत नाही, पुस्तक पुढे ठेवले तर मान वळविते, वाचता वाचता ओळ चुकते. शिक्षकाचा शेरा ठरलेला असतो : लक्ष नाही. त्यातून त्या मुलास सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूचा पक्षाघात, असेल तर शेरा आणखी पुढे जातो : बुद्धीच नाही! आम्हीही एके काळी खडू हाती धरला आहे व असे शेरे मारले आहेत. म्हणूनच या निकालाची फेरतपासणी व्हावी, असे आम्हांस वाटते.

कोवळ्या मेंदूला इजा झाल्याने हातापायांच्या हालचाली बिघडतात, हे सर्वांस दिसते. डोळे फिरविणारे स्नायूही त्याच मेंदूच्या हुकमाने चालतात, याचा मात्र विसर पडतो. या मुलांत तिरळेपणा पुष्कळ आढळतो. कोणाची बुबुळे सतत थरथरतात, कोणाला जवळच्या अक्षरांवर नजर जुळविता येत नाही. याहून फसवा प्रकार असा की, डोळा निर्दोष असतो, पण त्याने धाडलेल्या चित्राचा अर्थ मेंदूस लागत नाही. मोकळ्या भिंतीपुढील लाल चेंडू ओळखणाऱ्या मुलास गजबजलेल्या चित्रात तोच चेंडू सापडत नाही. सकाळी दिसले ते थकल्यावर संध्याकाळी दिसत नाही. पाहणाऱ्यास ते ढोंग वाटते!

आणि अशा मुलाची बुद्धी आपण मोजतो ती चित्रे दाखवून! जे नीट दिसलेच नाही, त्याचे उत्तर न आल्यास दोष कोणाचा?

मूल बोलत नाही, मग डोळे तपासावे कसे, ही सबबही टिकणारी नाही. रेघांचे पट्टे दाखवून मुलाची नजर कोठे वळते, एवढ्यावरून दृष्टीचा अंदाज घेता येतो. दोष कळला म्हणजे उपायही आहेत : योग्य चष्मा, मोठी व विरळ अक्षरे, पानावर एका वेळी एकच चित्र आणि उत्तरासाठी थोडा अधिक अवधी. यांतील बहुतेकांस पैशापेक्षा सबुरीच अधिक लागते.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने या विकाराची स्वतंत्र दखल घेतली आहे. पण कागदावरील हक्क बाकापर्यंत पोहोचावयाचा तर निदान होताच प्रत्येक अशा मुलाची नेत्रतपासणी झालीच पाहिजे, आणि तिचा अहवाल शिक्षकाच्या हाती पडला पाहिजे. त्या मुलास काय दिसते, हे जाणून घेतल्यावाचून त्याला काय समजते, हे ठरविण्याचा अधिकार कोणासच नाही.