फोटो वाड्याचाही काढा

वाईजवळ मेणवली हे छोटे गाव आहे. तिथे कृष्णाकाठी नाना फडणवीसांचा वाडा आणि दगडी घाट आहे. घाटावर भलीमोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, तेव्हाची ती पोर्तुगीजांच्या चर्चमधली घंटा. ‘स्वदेस’ (२००४) सिनेमाचे शूटिंगपण तिथे झाले.

लोक घंटेपुढे उभे राहून आपलाच फोटो काढतात. त्यात घंटा दिसतच नाही! माझ्या मते हे बरोबर नाही. आपले तोंड तर रोज आरशात दिसते. वाड्याचे लाकडी खांब, भिंतीवरची चित्रे यांचे फोटो काढावेत. लाकडाला वाळवी लागते, पावसाने भिंत ढासळते. मग दुरुस्ती करणाऱ्या सुताराला आधी कसे होते ते फोटो बघूनच कळेल.

आमच्या गावची जुनी वेस पडली. ती कशी होती ते आजी हातवारे करून सांगते, पण फोटो एकपण नाही.

म्हणून पालकांनो, तुमच्या मोबाईलवर गावातले जुने देऊळ, बारव, वाडा यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा. चारी बाजूंनी काढा. एक प्रत शाळेला द्या आणि तिच्यामागे गाव व तारीख लिहा. मात्र फोटोसाठी मूर्तीवर चढू नका आणि भिंतीवर नाव तर मुळीच कोरू नका.

— इयत्ता ४ थी