परवाना माणसाचा की मदरबोर्डाचा?

संगणक विकत घेताना त्याच्या किमतीतच विंडोजचे पैसे मोजलेले असतात. सात-आठ वर्षांनी यंत्र मंदावते. तालुक्याच्या गावी लग्नपत्रिका आणि हँडबिले जुळवून पोट भरणारा मनुष्य नवे यंत्र घेऊ शकत नाही. तो काटकसरीने मदरबोर्ड आणि प्रोसेसर तेवढे बदलून घेतो. पेटी तीच, पडदा तोच, माणूसही तोच. यंत्र सुरू होते आणि पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात 'विंडोज सक्रिय करा' अशी पुसट अक्षरे उमटतात. ज्या वस्तूचे पैसे एकदा चुकते केले, तिचे पैसे पुन्हा मागितले जात आहेत!

हा प्रश्न आता चार हौशी लोकांपुरता राहिलेला नाही. विंडोज १० चे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवले. २०२१ साली आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. म्हणजे चालते यंत्र बदलण्याची सक्ती कंपनीनेच निर्माण करावयाची, आणि ते बदलले म्हणून परवाना रद्द झाल्याचेही तिनेच सांगावयाचे.

यामागची यंत्रणा समजून घेणे जरूर आहे. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून सक्रियीकरणाची प्रथा आली. यंत्राच्या निरनिराळ्या भागांवरून त्याची एक ओळख ठरवली जाते व ती कंपनीच्या दप्तरी नोंदली जाते. मेमरी वाढवली किंवा डिस्क बदलली तर सहसा काही बिघडत नाही. मदरबोर्ड बदलला की मात्र यंत्र परके ठरते. विंडोज ८ पासून तर मोठे उत्पादक पंचवीस अक्षरांची किल्ली मदरबोर्डातच कोरून देतात. जुना बोर्ड भंगारात गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जाते.

त्यातही दोन जाती आहेत. सुटा विकत घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. यंत्रासोबत आलेला परवाना त्या यंत्राबरोबरच संपतो. मौज अशी की, मदरबोर्ड बिघडला म्हणून बदलला तर तोच परवाना चालतो, परंतु अधिक चांगला बसवला तर ते 'नवे यंत्र' होते, असा कंपनीचा नियम आहे. जळलेल्या बोर्डाला क्षमा आणि सुधारणेला दंड! पूर्वीच्या कुळाला जमीनदार विहीर खणू देत नसे, त्यातलाच हा प्रकार. आणि या दोन जातींतला फरक विक्रेता गिऱ्हाइकाला क्वचितच समजावून सांगतो.

चोरट्या प्रतींना आळा घालण्यासाठी हे आवश्यक आहे, असा युक्तिवाद केला जातो. एका परवान्यावर दहा यंत्रे चालवणाऱ्याला अडवण्याचा अधिकार कोणी नाकारत नाही. परंतु येथे दुसरी प्रत आहेच कुठे? एक यंत्र गेले, त्याच्या जागी एक आले. शिवाय ज्याने मुळातच चोरटी प्रत घातली आहे, त्याला या नियमाची झळ लागत नाही. ती लागते पैसे देऊन घेणाऱ्याला.

कायद्याच्या दृष्टीनेही ही भूमिका निर्विवाद नाही. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निर्णय दिला की, बाजारात तयार मिळणारे सॉफ्टवेअर हा 'माल' आहे व तो विक्रीकरास पात्र आहे. कर घेताना जो माल ठरतो, तो वापरताना मात्र केवळ अटींवर दिलेली परवानगी कसा ठरतो? जर्मनीच्या संघीय न्यायालयाने तर २००० सालीच मायक्रोसॉफ्टसंबंधीच्या खटल्यात, यंत्रासोबतची प्रत यंत्रावाचून विकण्यास कंपनीला आडकाठी करता येत नाही, असे ठरवले. भारतात ग्राहकाच्या बाजूने हा प्रश्न नेटाने मांडला जाणे अगत्याचे आहे.

लिनक्स वापरा, हे उत्तर तत्त्वतः बरोबर आहे; केरळच्या शाळांनी मुक्त प्रणालीवर शिक्षण देऊन ते दाखवूनही दिले. परंतु ज्याची वर्षानुवर्षांची मराठी जुळणी पेजमेकर आणि श्रीलिपीत अडकली आहे, त्याला एका रात्रीत तिकडे जा म्हणणे हे उंटावरून शेळ्या हाकणे होय.

तोवर संघटनांच्या कचेऱ्यांनी आपापले पाहिलेच पाहिजे. मदरबोर्ड काढण्यापूर्वी परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी जोडून ठेवावा. २०१६ पासून ही सोय आहे. नवा बोर्ड बसल्यावर त्याच खात्याने प्रवेश करावा आणि सक्रियीकरणाच्या पानावर 'अलीकडे हार्डवेअर बदलले' हा पर्याय निवडावा. सुट्या परवान्याला ही सोय हक्काने मिळते. यंत्रासोबतच्या परवान्याला मिळेलच असे नाही. कचेरीचे खाते मात्र एखाद्या कार्यकर्त्याच्या खासगी नावावर नसावे, नाहीतर तो गावी गेला की परवानाही गेला. आणि पुढचा संगणक घेताना परवाना कोणत्या जातीचा आहे, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे.