साथीदाराचा हक्क

चाल बांधणारा तो संगीतकार आणि बाकीचे सारे साथीदार, ही समजूत रसिकांत इतकी रूढ आहे की तिच्याविषयी कोणी शंका घेतली, तर शंका घेणाराच लोभी ठरतो. मॅथ्यू फिशर या इंग्रज ऑर्गनवादकास काही रसिक मित्रांनी आमच्यादेखत 'संधिसाधू' म्हटले. ते आम्हांस मुळीच मान्य नाही.

प्रकरण थोडक्यात असे. 'प्रोकोल हारम' या रॉकवृंदाचे 'अ व्हाइटर शेड ऑफ पेल' हे गीत मे 1967 मध्ये प्रसिद्ध झाले आणि इंग्लंडात सहा आठवडे लोकप्रियतेच्या अग्रस्थानी राहिले. शब्द कीथ रीड यांचे, चाल व गायन गॅरी ब्रुकर यांचे. फिशर वृंदात आले ते गीत तयार झाल्यावर. पुढे लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत ध्वनिमुद्रण झाले, तेव्हा हॅमंड ऑर्गनवरील आठ आवर्तनांचा तो प्रसिद्ध तुकडा फिशर यांनी स्वतः रचून वाजविला. तबकडीवर मात्र नावे दोनच. अखेर 2005 साली फिशर न्यायालयात गेले.

गीत आधीच पूर्ण झाले होते, हा पहिला आक्षेप. पूर्ण म्हणजे काय? रीड यांनी चार कडवी लिहिली होती. मुद्रणात दोनच आली, आणि त्या दोहोंचा अर्थ आजही कोणास नीटसा लागलेला नाही. (तो लागावा अशी कवीची इच्छा होती की नाही, हा प्रश्न वेगळा.) तरीही ज्याला त्यातले एक अक्षर कळत नाही, तोही हे गीत दुसऱ्या क्षणास ओळखतो. कशावरून? कंठस्वर अद्याप उमटलेलाच नसतो. ओळख पटते ती ऑर्गनच्या त्या सुरावटीवरून, आणि कडव्याकडव्यांमधून तीच परत येते. मनात गुणगुणावे म्हटले तरी ओठांवर प्रथम तीच. जिच्यावाचून गीत ओळखता येऊ नये, तिला 'साथ' म्हणून बाजूस सारणे हा शब्दांचा खेळ झाला.

दुसरा आक्षेप अधिक विद्वान आहे: ती सुरावट तर बाखची! बाखची छाया तीवर आहे, हे उघड आहे. परंतु पियानोवरील पायरीपायरीने उतरत जाणारा खर्ज ब्रुकर यांचा, आणि त्यावरही बाखचीच छाया आहे. मग फिशर यांचे नाव पुसणाऱ्याने ब्रुकर यांचेही पुसावयास नको काय? पूर्वसूरींकडून एकाने घेतले की ती प्रेरणा आणि दुसऱ्याने घेतले की ती उसनवारी, हा न्याय आम्हांस उमगत नाही.

राहिला अडतीस वर्षांच्या मौनाचा प्रश्न. यात तथ्य अगदीच नाही असे आम्ही म्हणत नाही. इतका काळ गप्प बसणे विचित्र खरेच. तथापि वृंदात नुकत्याच आलेल्या तरुणाने पहिल्याच यशाच्या वेळी मालकीचा वाद उकरून काढला असता, तर त्याचे तेथे काय झाले असते, हे कोणत्याही नाटक मंडळीत वा कचेरीत उमेदवारी केलेल्यास सांगावे लागू नये. शिवाय विलंबाची किंमत कोणी मोजली? डिसेंबर 2006 मध्ये उच्च न्यायालयाने फिशर यांस संगीताच्या हक्कात 40 टक्के वाटा दिला, तो दावा मांडल्यापासून पुढचा. मागील अडतीस वर्षांचा एक पेनीही नाही. संधिसाधू म्हणावा तो असा! एप्रिल 2008 मध्ये अपील न्यायालयाने त्यांचे सहकर्तृत्व मान्य केले, पण विलंबास्तव वाटा काढून घेतला. कर्ता खरा, पण लाभास अपात्र, असा हा निवाडा. 30 जुलै 2009 रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सच्या पाचही न्यायाधीशांनी तो एकमताने फिरविला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्या सभागृहाचे न्यायदानाचे काम नव्या सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. म्हणजे जाता जाता केलेले हे एक चांगले काम.

यापुढे प्रत्येक वादक दावा लावील, अशी भीती घालणारेही आहेत. लावोत. लिहून दिलेले वाजविणारा आणि नवी सुरावट रचणारा यांतील भेद न्यायालयास कळतो, रसिकांसही कळावा.

हे सारे विलायतेचे, आपणांस काय त्याचे, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या चित्रपटसंगीतात गोव्याहून आलेल्या सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस यांसारख्या वाद्यवृंदरचनाकारांनी जे काम केले, ते आठवावे. गाण्यामागील व्हायोलिनांचा तो भरलेला मेळ लिहिणाऱ्याचे नाव तबकडीवर सहसा नसे. गोन्साल्विस यांचे शिष्य प्यारेलाल यांनी 1977 च्या 'अमर अकबर अँथनी' चित्रपटातील एका गाण्यात गुरूंचे नाव अमर केले. ते गाणे देशभर गाजले. परंतु ते नाव एका जिवंत माणसाचे आणि जाणत्या संगीतकाराचे आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी कितीकांस ठाऊक होते?