चर्चमध्ये गिटार आली, मग जुनी गीतं मागे का पडताहेत?

रविवारची सकाळ. आमच्या चर्चमध्ये पेटी वाजवणारे काका गावाला गेले होते. पाळकांनी मला गाठलं. "तू गिटार वाजवतोस ना? आज जरा सांभाळून घे." इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर चार वर्षं गिटार बडवलेली, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. पहिलंच गीत 'अबाइड विथ मी'च्या चालीवरचं होतं. दुसऱ्या ओळीला मंडळी एकीकडे आणि मी भलतीकडे. तिसऱ्या कडव्याला मी हात आवरता घेतला. लोकांनी गीत माझ्याशिवाय व्यवस्थित पूर्ण केलं.

पुढच्या रविवारसाठी सोपी पळवाट होती. जुनं गीत बाजूला ठेवायचं आणि यूट्यूबवरचं चार कॉर्डचं नवं गाणं घ्यायचं. जुनी गीतं बहुतेक वेळा अशीच मागे पडतात. कुणी ठरवून काढून टाकत नाही. वाजवणाऱ्याला जमत नाहीत, म्हणून गायली जात नाहीत. माझं म्हणणं असं, की दोष गिटारचा नाही आणि तरुणांचाही नाही. ही गीतं गिटारवर बसवायची कशी, हे आपण कुणाला शिकवतच नाही.

गिटार चर्चमध्ये उपरी आहे का?

'गिटार म्हणजे पार्टीचं वाद्य,' असं अजूनही ऐकू येतं. पण जगभर गायलं जाणारं 'सायलेंट नाईट' पहिल्यांदा सादर झालं ते गिटारच्याच साथीनं. २४ डिसेंबर १८१८, ऑस्ट्रियातलं ओबर्नडॉर्फ गाव. शब्द योसेफ मोर यांचे, चाल फ्रान्झ ग्रुबर यांची.

कॅथलिक चर्चमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२–६५) स्थानिक भाषांना उपासनेत जागा दिली. परिषदेच्या १९६३ च्या दस्तऐवजात पाइप ऑर्गनचा मान कायम ठेवला आहे, पण उपासनेला साजेशी इतर वाद्यंही मान्यतेनं वापरता येतील असं म्हटलं आहे. त्यामुळे गिटार चालेल का, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. ती वाजवायची कशी, हा खरा प्रश्न आहे.

नेमकं अडतं कुठे?

जुनी पाश्चात्त्य स्तोत्रं चार आवाजांसाठी लिहिलेली आहेत: सोप्रानो, आल्टो, टेनर, बेस. चारही आवाज एकाच वेळी पुढे सरकतात, म्हणून कॉर्ड जवळजवळ प्रत्येक मात्रेला बदलते. ऑर्गनवर दहा बोटं आणि दोन पाय कामाला असतात. गिटारवाल्याकडे एकच डावा हात.

त्यात पट्टीची अडचण. 'अबाइड विथ मी'ची विल्यम मंक यांची १८६१ ची चाल ई फ्लॅटमध्ये छापलेली असते. ही तीच धून, जी दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये वर्षानुवर्षं वाजायची आणि २०२२ मध्ये वगळली गेली. ई फ्लॅट म्हणजे गिटारवर बार कॉर्डची रांग. नवशिक्याचं मनगट पहिल्याच कडव्यात दुखायला लागतं.

मग काय करायचं?

कॅपो लावा. तिसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सी पट्टीचे आकार धरले की ई फ्लॅट मिळतो. ए फ्लॅट हवा असेल तर पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि जी पट्टीचे आकार. पट्टी निवडताना गळा मंडळीचा बघा, आपला नाही. आजींना वरचा सूर लागत नसेल, तर पट्टी खाली आणा.

प्रत्येक कॉर्ड वाजवू नका. चार मात्रांचं गीत असेल, तर पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेची कॉर्ड धरा. मधल्या जागी फक्त बेसची नोट चालवा. स्तोत्राचा कणा या खालच्या ओळीत असतो. सगळं गाळून तीनच कॉर्ड ठेवल्या तर गीत बेचव होतं.

स्ट्रमिंग कमी करा. तीन मात्रांच्या 'अमेझिंग ग्रेस'ला पहिल्या मात्रेवर अंगठ्यानं बेस आणि पुढच्या दोन मात्रांवर हलका स्पर्श पुरतो.

श्वासाला जागा द्या. ओळ संपली की मंडळी श्वास घेते. तिथे तुम्ही घाई केलीत, की माझं झालं तेच तुमचं होणार. सुरुवातीला शेवटची ओळ एकदा वाजवा. लोकांना सूर आणि लय दोन्ही कळतात.

आणखी एक सोय आहे. 'अमेझिंग ग्रेस'च्या ओळींत ८, ६, ८, ६ अशी अक्षरं मोजली जातात. या मापाची कितीतरी स्तोत्रं आहेत आणि एकीची चाल दुसरीला बसते. आपल्याकडे एका चालीवर अनेक अभंग म्हणतात, तसंच. एक चाल नीट शिकलात तर बरीच गीतं हाती येतात.

मराठी गीतांचं काय?

इथे मात्र वरचे नियम जसेच्या तसे लावू नका. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणावर आणली. अशा गीतांना पेटी-तबल्याची सवय आहे आणि त्यांच्या चाली कॉर्डचा विचार करून बांधलेल्या नाहीत. प्रत्येक सुराखाली कॉर्ड कोंबली की मूळ चालीचा रंग उडतो.

यावर साधा उपाय आहे. गिटारची सर्वांत जाड तार ईवरून डीवर उतरवा. खालच्या तीन मोकळ्या तारा डी-ए-डी होतात, म्हणजे सा-प-सा. तंबोऱ्यासारखा आधार द्या आणि चाल पेटीला सांभाळू द्या. डी म्हणजे पेटीवाल्यांची पांढरी दोन. काकांनी 'काळी दोन' म्हटलं, तर पहिल्या फ्रेटवर कॅपो लावा.

हे मला कुठल्या अॅपनं शिकवलं नाही. गावाहून परतलेल्या काकांनी शनिवारी संध्याकाळी समोर बसवून शिकवलं. कुठल्या ओळीला मंडळी रेंगाळते, कुठलं कडवं वर चढतं, हे त्यांना पाठ आहे. पुस्तकात शब्द छापलेले असतात. ही माहिती छापलेली नसते.

म्हणून पाळक आणि पंचांना एकच सांगणं आहे: नवं स्पीकर घ्यायच्या आधी आठवड्यातला एक तास ठरवा. पेटीवाले काका आणि गिटारवाली पोरं त्या तासाला एकत्र बसू द्या. काका आहेत तोवरच हे जमण्यासारखं आहे.