ओहोटीला फायनल!

सोमवारी सकाळी काम सुरू होण्याआधीचा अर्धा तास आमच्या ऑफिसात फॉरवर्ड्सचा असतो. परवा शेजारच्या डेस्कवरच्या बाइकवेड्याने असाच एक व्हिडिओ समोर धरला. बर्फाचा चकचकीत ओव्हल ट्रॅक आणि त्यावर चार बाइक्स. टायर्सना इंचभराहून लांब पोलादी खिळे, ब्रेक नावाचा प्रकारच नाही आणि वळणावर गडी इतका आडवा होतो की डावं हँडल बर्फाला टेकायचं तेवढं बाकी!

‘आइस स्पीडवे! आपल्याकडे असलं सॉलिड काही नाहीच यार,’ तो हळहळला.

‘आहे की. अलिबागला.’

‘बर्फ?’

‘वाळू. आणि बाइकच्या जागी बैल.’

तो जाम हसला. पण मी थट्टा करत नव्हते. संध्याकाळी घरी जाऊन मी या खेळाचे आणखी बरेच व्हिडिओ पाहिले. जर्मनीतलं इन्झेल, हॉलंडमधलं हेरेनवेन, तिथल्या स्पीड स्केटिंगच्या रिंकवर या शर्यती होतात. देशादेशांच्या संघांची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९७९ पासूनची. आधी सोव्हिएत संघ आणि मग रशिया यांनी ती जवळपास स्वतःच्या नावावरच करून टाकली होती. मार्च २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय मोटरसायकल फेडरेशनने रशियन रायडर्सना बंदी घातली, तेव्हा कुठे बाकीच्यांनी श्वास घेतला. पण मी रायडर्सकडे बघतच नव्हते. मी बघत होते ती दोन हीट्सच्या मधली माणसं. खिळ्यांनी उकरलेला बर्फ पुन्हा सारखा करणारी, बाहेरच्या कडेचे गवताचे भारे जागेवर बसवणारी. आणि वर खोलीत बसलेला तो एकटा रेफरी. दोन मिनिटांत स्टार्टला आला नाहीस? बाद. स्टार्टची टेप तोडलीस? बाद. तुझ्यामुळे हीट थांबवावी लागली? तू बाद आणि बाकीच्यांची हीट पुन्हा. त्याच्या एका बटणावर एका अख्ख्या देशाचे गुण जातात.

मला त्या रेफरीचा पुळका का यावा? कारण गेल्या माघात त्याच्या जागी मी होते!

झालं असं की मामाचा फोन आला. माझं आजोळ अलिबागच्या दक्षिणेला, किनाऱ्यालगत. नारळी-पोफळीच्या वाडीतून निघालं की चपला काढायच्या आणि थेट वाळूत. ‘शनिवारी ये. रविवारी शर्यत आहे. तुला निकाल पंच म्हणून उभं करायचंय.’

‘मला? अरे मामा, मला बैलातलं काय कळतं?’

‘म्हणूनच. इथे ज्याला कळतं तो कुणाचा ना कुणाचा असतो.’

आता यावर काय बोलणार? शनिवारी गेटवेवरून मांडव्याची बोट पकडली.

तुम्ही म्हणाल, समुद्रावरच्या शर्यतीत ऑर्गनाइझ करायला आहे काय? किनारा फुकट, बैल गावातले, पब्लिक हौशी. मंडळी, मी आठ वर्षं इव्हेंट्सच्या धंद्यात आहे. पण अशी डेडलाइन मी कधी पाहिली नव्हती. हॉलचा मॅनेजर पाया पडल्यावर अर्धा तास वाढवून देतो, समुद्र देत नाही!

मामाच्या ओटीवर कालनिर्णय टांगलेलं असतं आणि सगळी मीटिंग त्याच्यासमोर होते. हिशेब सोपा आहे. आमच्या किनाऱ्यावर लहान पोरालाही येतो. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला भरती आणि साधारण सहा तासांनी, बाराला, ओहोटी. आता बाराच्या उन्हात बैल पळवणार कोण? शिवाय अष्टमीला भांग. पाणी फार आत जातच नाही, किनारा अरुंद राहतो. पुनव-अवसेला उधाण. पाणी खूप चढतं तसंच खूप आत ओसरतं आणि मैदान मिळतं ऐसपैस. म्हणून शर्यतीला चांगली तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. भरती सव्वादोनला, म्हणजे ओहोटी सकाळी आठच्या आसपास. उधाणाची रुंदी अजून शिल्लक, ऊन कोवळं, वाळू ओली पण घट्ट. पार कोरड्या वाळूत चाक रुततं आणि पाण्याच्या अगदी कडेला बैलाचा पाय रुततो. मधला जो पट्टा असतो ना, टाच आपटली की ठणकन वाजणारा, तो आमचा ट्रॅक. आता हीच तृतीया रविवारी यायला हवी, कारण मुंबईला नोकरीला असलेली पोरं रविवारशिवाय येत नाहीत. असे रविवार सबंध हिवाळ्यात मोजून एखाद-दोन. साल्या त्या इन्झेलवाल्यांना ट्रॅक्टर फिरवून बर्फ सारखा करावा लागतो. आमचा ट्रॅक समुद्र दिवसातून दोनदा नवा करून देतो. पण वापरायला देतो तीन तास. फक्त तीन!

दुसरी फाइल परवानगीची, ती कालनिर्णयाहून जाड. थोडं मागे जाऊ या. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने जलिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. बैलाचं शरीर पळण्याच्या शर्यतीसाठी बनलेलं नाही, असं कोर्टाचं म्हणणं. २०१७ मध्ये राज्याने कायदा बदलला, तर त्याच वर्षी मुंबई हायकोर्टाने पुन्हा ब्रेक लावला. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायदा कायम ठेवला. मधली सात-साडेसात वर्षं मामाच्या गोठ्यात शर्यतीचा एकही बैल नव्हता.

आता नियम असे. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, पन्नास हजारांचं डिपॉझिट, धाव हजार मीटरच्या आत, प्रत्येक बैलाला पशुवैद्यकाचा दाखला. चाबूक नाही, काठी नाही, टोचणं नाही, शेपूट पिरगाळणं नाही. नियम मोडून छळ झाला तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. माझी एक मैत्रीण रस्त्यावरची कुत्री सांभाळते. ती म्हणते, ‘हे सगळं कागदावर. तिथे बघायला कोण असतं?’

कोण असतं, तर मी होते.

शनिवारी रात्री अंगणात पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, अंडी, भांबुर्ड्याचा पाला, मडकं उलटं घालून वर जाळ. त्या वासात सबंध गाव जमलं. चोवीस गाड्यांच्या चिठ्ठ्या एका स्टीलच्या डब्यात घातल्या आणि एका चिमुरडीने त्या उचलल्या. चार-चार गाड्यांचे सहा गट, मग दोन सेमी, मग फायनल. एकूण नऊ धावा. तीन तासांत नऊ, म्हणजे एकीला वीस मिनिटं, त्यात बैल थांबवून परत आणणंही आलं. मी एक्सेल काढायच्या आत मामाने हे बोटांवर मोजून झालं होतं. चिठ्ठी निघाली की पुकारा गाडीवानाच्या नावाने नाही, गावाच्या नावाने. गाडी जिंकली तर गाव जिंकतं. हे वाक्य मला तेव्हा नुसतं गोड वाटलं होतं.

पहाटे साडेपाचला वाळूवर. मामा मुख्य पंच, सुरुवातीला एक झेंडा पंच आणि शेवटच्या रेषेवर आम्ही तिघं. वाळूवर फक्की मारून रेषा, रेषेच्या टोकाला ट्रायपॉडवर मोबाइल. दोरी लावायची नाही, बैल बुजतात. पब्लिकला कोरड्या वाळूत बांबूंच्या मागे ठेवायचं आणि त्यांना तिथेच ठेवण्यासाठी माइकवरचा समालोचक अखंड बोलत ठेवायचा. पब्लिकचा एकच हट्ट असतो, बैल येताना अंगावर घ्यायचे आणि शेवटच्या क्षणी बाजूला उडी मारायची. इतक्या पोरांना मी आयुष्यात कधी हाकललं नव्हतं.

आणि मग पहिला गट सुटला.

टीव्हीवर यातलं काहीही कळत नाही, सांगते. आधी आवाज येत नाही. लांबवर ओल्या वाळूचा फवारा दिसतो नुसता. मग पायाखालची वाळू थरथरते आणि मग आठ बैल अंगावर येतात. हातात फक्त कासरा घेतलेला गाडीवान हलक्या गाडीवर तोल सांभाळत ओरडत असतो. माझ्या हातातलं पॅड पहिल्याच गटात खाली पडलं. शेजारच्या पंचकाकांनी ते उचलून दिलं आणि म्हणाले, ‘बाय, बैलाकडे नको बघू. रेषेकडे बघ.’

पुढचे गट पटापट झाले. एक गाडी फिरून पाण्यात गेली, एका बैलाचा दाखला सापडेना म्हणून जोडी उतरवली, त्यावर दहा मिनिटं भांडण. नऊ वाजून गेले. पाणी वळलं होतं. ते येताना दिसत नाही, पण मघाशी लांब असलेली लाट आता जवळ फुटत होती.

फायनल. चार गाड्या, त्यात एक आमच्या गावाची. तिचा मालक म्हणजे मामाचा शाळेपासूनचा मित्र. बांबू त्याचे, जनरेटर त्याचा, रात्रीच्या पोपटीतली अंडीसुद्धा त्याची.

गाड्या सुटल्या. शेवटच्या शंभर मीटरला दोन गाड्या बरोबरीत, आमची समुद्राच्या बाजूला. आणि काकांचं न ऐकता मी रेषेवरून नजर उचलली. आमचा गाडीवान पुढे वाकला, त्याने उजव्या बैलाचं शेपूट धरलं आणि पिळलं. एकदाच. एक सेकंद असेल. गाडी पुढे सरकली आणि जेमतेम मानेच्या अंतराने आधी आली.

गुलाल उडाला. समालोचकाने गावाचं नाव घेतलं. मोबाइलचा कॅमेरा रेषेवर रोखलेला, त्यात यातलं काही नव्हतं. बाकीचे दोन पंच रेषेकडे बघत होते, जसं बघायला हवं तसं. म्हणजे पाहिलं ते फक्त मी. गप्प बसणं किती सोपं होतं! मी तर पाहुणी. संध्याकाळच्या बोटीने जाणारी.

मी मामाकडे गेले आणि सांगितलं.

त्याने मला बाजूला घेतलं नाही, आवाजही खाली आणला नाही. ‘बघितलंस?’

‘हो.’

‘कुठल्या हाताने?’

‘उजव्या. उजवाच बैल.’

मग मालक आला. त्याच्या अंगावर गुलाल. ‘पोरी, मुंबईत बसून बैल कळतात का गो? अख्ख्या गावाने मेहनत केलीय. एका सेकंदासाठी?’ त्याचं चुकीचं नव्हतं, हे अजूनही वाटतं. त्या बैलाला तो आपल्या पोरांच्या आधी खाऊ घालतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. आणि मी पाहिलं ते बरोबर पाहिलं का, उडत्या वाळूत, शंभर मीटरवरून? बरोबर पाहिलं. पण त्या क्षणी, तेवढ्या माणसांच्या मध्ये, स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं किती अवघड असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

‘मग पुन्हा पळवा,’ मागून कुणीतरी ओरडलं. बर्फावर झालं असतं, दोषी गाडी वगळून बाकीच्यांची हीट पुन्हा घेतली असती. इथे फक्कीच्या रेषेचं समुद्राकडचं टोक पाण्याने पुसलं होतं. मामाने एकदा पाण्याकडे बघितलं, माइक हातात घेतला आणि आपल्याच गावाची गाडी बाद म्हणून जाहीर केली. ढाल शेजारच्या गावात गेली. गाडीवान विशी-बाविशीचा पोरगा. त्याने बैल सोडले, एकाच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि नंतर कुणाशी न बोलता दोघांना घेऊन पाण्यात शिरला. त्यांना धुवायला.

दुपारी जेवताना मामी सोडून माझ्याशी कुणी बोललं नाही. घावणे मात्र मला भरपूर वाढले. मामा मांडव्याला सोडायला आला, तोही गप्पच. त्या मालकाने दोन महिने मामाच्या ओटीवर पाऊल ठेवलं नाही. पशुवैद्यकांकडचे कागद, डिपॉझिट परत मिळवणं, सगळं मामाने एकट्याने निस्तरलं.

माझ्या त्या मैत्रिणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे मीच बरोबर. तू नसतीस तर?’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. एक धाव नीट होते की नाही हे कोर्टात ठरत नाही, हे मात्र तिथे उभं राहिल्यावर कळलं.

तर परवा रात्री मी ते बर्फावरचे व्हिडिओ बघत बसले होते, तेवढ्यात मामाचा फोन. मागे माणसांचा आवाज होता, त्यातला एक ओळखीचा.

‘पुढच्या माघातली तृतीया शुक्रवारी आलीय. रविवारी पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे ओहोटी दहाच्या आसपास. ऊन लागेल जरा. तू सांग, शुक्रवारची सुट्टी मिळेल का तुला?’

‘मी कशाला? गावाला चालेल?’

पलीकडे जरा वेळ शांतता. मग मामा म्हणाला, ‘थांब, हा बोलतोय,’ आणि फोन मालकाच्या हातात गेला.

‘यंदा कॅमेरे दोन लावायचे का?’ त्याने विचारलं. ‘दुसरा शंभर मीटर अलीकडे?’